अक्काच्या खिडकीचा कट्टा

पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा चित्रे काढू लागलो, त्यामागे सांगण्यासारखे मोठे कारण नव्हते. जळगावात वास्तुविशारद म्हणून काम करताना गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हाताने कागदावर एक रेघही ओढली नव्हती. कार्यालयातले सारे आराखडे संगणकावर होत आणि मी पाठीमागे उभा राहून पडद्यावर बोट दाखवीत असे. एका हिवाळ्यातल्या सकाळी चहाची वाट पाहत स्वयंपाकघरात बसलो होतो. ओट्यावर भरताची वांगी होती. आमच्या भागातली, पांढुरक्या हिरव्या रंगाची, ओंजळीत न मावणारी. त्यांतल्या एकाच्या गालावर खिडकीतला उजेड येऊन थांबला होता. हाताशी विजेचे बिल होते. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी ते वांगे काढू लागलो.

"ते भाजायला घेऊ का?" पत्नीने विचारले.

"पाच मिनिटं थांब."

"अहो, वांगं आहे ते. मुलगी बघायला बसल्यासारखं काय बघताय!"

त्या दिवशी भरीत उशिरा झाले, आणि मग घरात हे नेहमीचेच होऊन बसले. मी जलरंग आणले. किटली, खलबत्ता, सांडशी, दारातल्या चपला, टोपलीतले कांदे, एवढेच काढीत राहिलो. पाहणारे म्हणत, एखादा निसर्ग काढा, एखादे मंदिर काढा. मला मात्र हाताशी असलेल्या, कुणाच्या तरी रोजच्या वापरातल्या वस्तू बऱ्या वाटत. त्यांच्यासमोर बसले की मन शांत होई.

चित्रे चांगली होत होती असे नाही. पत्नीने एकदा किटली आणि दोन कप असलेले चित्र हातात धरून बराच वेळ पाहिले व म्हणाली, "छान आहे. पण हिला पार्किंग कुठे दिलंय?"

मी हसलो खरा, परंतु ते मनाला लागून राहिले. तिचे म्हणणे अचूक होते. माझ्या चित्रातल्या वस्तू इमारतींसारख्या उभ्या असत: ताठ, ओळंब्यात, आणि नियमाप्रमाणे एकमेकींपासून सामासिक अंतर सोडून. हे अंतर म्हणजे इमारतीच्या चारही बाजूंना सोडावी लागणारी मोकळी जागा. कप आणि किटली यांच्यामध्येही मी ती सोडीत होतो. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. रंगाचा हात मारून ब्रश पाण्यात बुडवेपर्यंत आधीचा रंग वाळून त्याची कडा धारदार झालेली असे. मी उन्हाळ्याला दोष देत राहिलो.

अशा चित्रांना एक दिवस गिऱ्हाईक मिळाले. ती माझी थोरली बहीण.

अक्का धुळ्याला, देवपुरात राहते. दाजी, म्हणजे तिचे यजमान, बस आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर ते घरच्या घरी शेजाऱ्यांचे पंखे, मिक्सर, कूलर दुरुस्त करीत. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ते गेले. त्यांची एकुलती एक मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिने आईला तिकडे चल म्हणून पुष्कळ सांगितले, पण अक्का हलली नाही.

होळीच्या सुमारास तिच्याकडे गेलो असताना माझे लक्ष स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या वरच्या बाजूकडे गेले. खिडकीवरच्या सिमेंटच्या पट्टीचा गिलावा सुटला होता आणि आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. माझी सवय अशी की मी कुणाच्याही घरी आधी वर पाहतो. मी सहज म्हणालो, "अक्का, हे पावसाळ्याआधी तोडावं लागेल. खिडकी, खालचा कट्टा, सगळंच नवं करावं लागेल."

ती खाली, कट्ट्याकडे पाहत होती.

त्या कट्ट्यावर दाजींच्या वस्तू होत्या. मागचे झाकण रबरबँडने धरून ठेवलेला ट्रान्झिस्टर. काड्या न मिटलेला चष्मा. पितळी अडकित्ता. पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. पाणी प्यायचा काचेचा पेला. आणि बियांसाठी वेलीवरच वाळवून आणलेले एक दोडके, हलवले की आतून खुळखुळणारे. ते गेले त्या सकाळी या वस्तू जशा होत्या तशाच अक्काने ठेवल्या होत्या. बाकी सगळे तिने रीतीप्रमाणे वाटून टाकले, कपडे दिले, सायकल दिली. कट्ट्याला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नव्हता.

"तोडायचं म्हणजे हे काढावं लागेल?" तिने विचारले.

"तेवढ्यापुरतं. नंतर ठेवशील परत."

"कसं ठेवू? माझ्या काय लक्षात राहणार आहे?"

मी जळगावला परतल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला. "तू हल्ली भांडीकुंडी काढतोस म्हणे. वहिनी सांगत होती. मग ये आणि मला हा कट्टा काढून दे. जसाच्या तसा. भिंत झाली की चित्र बघून एकेक वस्तू जागच्या जागी ठेवीन."

"फोटो काढून ठेव ना."

"फोटोत सगळं चपटं दिसतं. काय पुढे, काय मागे, कळत नाही. तुला यायचं नसेल तर तसं सांग."

मला यायचे होते. माझ्या चित्राची कुणाला गरज आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. गवंडी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी येणार असे ठरले होते, म्हणून मी आखाजीच्या दोन दिवस आधी कागद, रंग आणि एक फळी घेऊन निघालो.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा खानदेशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचे, म्हणजे खरबूज, सोबत आंबा आणि सांजोऱ्या, आणि गेलेल्या माणसाचे नाव घ्यायचे. दाजींची ही पहिलीच घागर. त्यामुळे यंदा अक्का माहेरी येणार नव्हती. पारोळ्याच्या पुढे रिकाम्या, नांगरलेल्या काळ्या शेतांकडे पाहत असताना माझ्या मनात आले की या वर्षी माहेरच तिच्याकडे निघाले आहे. स्वतःविषयी इतके चांगले वाटून घेणे बरे नव्हे, हे मला तेव्हा सुचले नाही.

पहिला दिवस बोलण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का लवकर उठून बाजारात जायला निघाली. घागर तिला स्वतः वाजवून घ्यायची होती. डांगरही हुंगून घ्यायचे होते.

"माझी वाट बघू नको, काढायला घे," ती म्हणाली. "चहा थर्मासमध्ये आहे. आणि ऊन चढलं की त्या खिडकीत बसवत नाही."

मी स्टूल ओढून कट्ट्यासमोर बसलो. फळीवर कागद ताणला. कितीतरी वेळ नुसता पाहत होतो. मग माझ्या लक्षात आले की दोडके पेल्याच्या बरोबर मागे आहे आणि काचेतून त्याचा आकार तुटून दिसतो आहे. पाहणाऱ्याला ते दोडके आहे हे कळणार नाही. मी ते बोटभर बाजूला सरकवले. त्यामुळे ते ट्रान्झिस्टरला टेकले. ट्रान्झिस्टर जरा मागे घेतला, तर त्याची उघडी एरिअल खिडकीच्या गजाच्या रेषेत आली आणि दोन्ही एकच वाटू लागले. म्हणून तो दुसऱ्या बाजूला नेला. तिथे चष्मा होता, तो पुढे घेतला. अडकित्ता आता एकटाच पडला, त्याला स्क्रूड्रायव्हरच्या जवळ तिरका ठेवला. मग पेला मध्यावर आणला, कारण उजेड तिथे चांगला होता. हे सगळे मी केले, आणि ते करताना माझ्या मनात एकदाही आले नाही की मी काही करतो आहे. नकाशावर एक भिंत वीतभर सरकवली की स्वच्छतागृह, जिना, दार यांना आपोआप सरकावे लागते, तसे ते झाले. मी समाधानाने मागे टेकलो. वस्तू सुटसुटीत दिसत होत्या. मी पेन्सिलने रेखाटायला घेतले.

अक्का आली तेव्हा तिच्या कडेवर घागर होती आणि पिशवीत डांगर. तिने घागर कोपऱ्यात चुंबळीवर ठेवली, पदराने तोंड पुसले, आणि माझ्या खांद्यावरून पाहण्यासाठी वाकली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तो थांबला.

"भाऊ," ती म्हणाली, "है कोनी हालाडं?"

आम्ही भावंडे एरवी शहरातली मराठी बोलतो. अहिराणी तोंडात येते ती जीव गलबलला की.

"मीच," मी म्हणालो. "जरासं. ते दोडकं दिसत नव्हतं, म्हणून..."

"जरासं?" तिने कट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. "कोठे व्हतं ते सांग आते."

मी सांगू लागलो. पेला इथे होता आणि दोडके त्याच्या मागे, एवढे नक्की. चष्मा त्याच्या डावीकडे. की पुढे? मी चष्मा उचलून ठेवला, पुन्हा उचलला. अडकित्ता मी कुठून घेतला होता, हे मला आठवेना. मी तिच्याकडे पाहिले. तीही ओठ हलवीत काहीतरी जुळवीत होती, आणि तिलाही येत नव्हते. रोज जे समोर होते ते तिला आठवत नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसले, आणि मला माझ्या हातांची लाज वाटली.

"माफ कर, अक्का."

"राहू दे," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

मी फोनमधले फोटो धुंडाळले. तिच्या फोनमधले पाहिले. शेवटी भाचीला बंगळूरला व्हिडिओ कॉल लावला. तिने एक फोटो शोधून पाठवला, त्यात हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या मागे ती खिडकी होती. पण उजेडाने खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन उमटला होता.

"बाबांचा रेडिओ डावीकडे असायचा ना गं, आई?" भाची पडद्यावरून म्हणाली.

"उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे? तुझ्या की त्यांच्या?"

"ते काय खिडकीच्या बाहेर उभे राहायचे का?" अक्का म्हणाली, आणि मायलेकी क्षणभर हसल्या. मग भाचीने मीटिंग असल्याचे सांगून फोन ठेवला.

तो दिवस फार लांबला. अक्काने मला वाढले, पोळीवर तूप घातले, आणखी घे म्हणाली. रागाचा एक शब्द तिने उच्चारला नाही. मी दोन-तीनदा कट्ट्यापाशी जाऊन निरनिराळ्या रचना करून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी "असं होतं का?" म्हणून विचारले. ती दुरून पाहून म्हणे, "असेल." त्या "असेल"मध्ये तिने सोडून दिल्याचा स्वर होता. तो मला ऐकवत नव्हता, आणि तरीही मी विचारीतच होतो.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन पत्नीला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले.

"आपला देव्हारा तुम्ही दोनदा फिरवलात," ती म्हणाली, "तेव्हा मी बोलले नाही. पण माणूस गेलेल्या घरातल्या वस्तू कुणी अशा सरळ करतं का हो?"

"नाही करत."

"माफी मागितलीत?"

"मागितली."

"मग आता गप्प बसा. काही सुचवायला जाऊ नका. तुम्ही सुचवायला लागलात की समोरच्याला स्वतःचं आठवत नाही."

मी गच्चीवरच उभा राहिलो. पांझरा नदीच्या बाजूने थोडे वारे येत होते. माझ्याकडे आलेली माणसे मला आठवली. घर बांधायला आलेल्या कितीतरी बायका म्हणत, माझा ओटा असा नको, इकडे हवा. का, असे विचारले की त्यांना सांगता येत नसे, आणि मी त्यांना सांगता येत नाही म्हणून मला योग्य वाटे ते करून देई. त्या घरांची वास्तुशांत झाली, जेवणावळी झाल्या, कुणीही तक्रार केली नाही. त्या बायका अजून तिथे काहीतरी शोधण्यासाठी हात चुकीच्या बाजूला नेत असतील का, हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते.

आखाजीच्या सकाळी अक्काने घागर भरली. मुलगा नाही म्हणून माझ्या हातून भरावी असे कुणीतरी सुचवले होते. अक्का म्हणाली, मीच भरते. तिने पाणी गाळून घातले. घागरीच्या गळ्याला दोरा गुंडाळला, तोंडावर डांगर ठेवले, आंबा ठेवला, सांजोऱ्या ठेवल्या. हळदकुंकू वाहिले. मग हलक्या आवाजात, समोर कुणी उन्हातून आले असावे तसे म्हणाली, "घ्या. गार शे."

मी भिंतीशी उभा होतो. घागरीतून पाझरणाऱ्या पाण्याने तिच्या बुडाशी ओलसर कडे उमटत होते.

नैवेद्य झाल्यावर अक्का स्वयंपाकघरात आवराआवर करू लागली. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. वहीही उघडली नव्हती. इतक्यात बाहेरून हाक आली.

"अक्काजी! आज कपडा नाही फिरला का?"

समोरच्या घराची आणि अक्काच्या घराची स्वयंपाकघरे एका अरुंद बोळावर समोरासमोर येतात. तिथे राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेले एक व्यापारी कुटुंब राहते. त्यांच्या सुनेला सगळी आळी भाभी म्हणते. ती आपल्या खिडकीत कैऱ्या चिरत उभी होती.

"कसला कपडा?" अक्का म्हणाली.

"खिडकी पुसायचा. रोज या टायमाला मी इकडे भाजी चिरते, तुम्ही तिकडे पुसता. काल नाही, आज पण नाही. मी म्हटलं तब्येत बरी आहे ना?"

"अगं, बाजारात गेले होते काल. आज घागर होती."

"डांगर कसं निघालं?"

"गोड असणार. वासच असा आहे. मी ते दुसरं घेत होते, मग हे दिसलं." असे म्हणता म्हणता अक्काने ओट्यावरचा ओला कपडा उचलला आणि ती खिडकीशी गेली.

मी जागचा हललो नाही. पत्नीचे शब्द आठवले म्हणून नव्हे. काय होणार ते मला दिसू लागले होते.

अक्काने ट्रान्झिस्टर उचलून ओट्यावर ठेवला. चष्मा, अडकित्ता, स्क्रूड्रायव्हर, पेला, दोडके, सगळे एकेक करून ओट्यावर आले. ती तिकडे पाहतही नव्हती. ती भाभीशी बोलत होती.

"लोणचं कधी घालणार?"

"या कैऱ्या तर मुरांब्याच्या. सासूबाई म्हणतात यांना आंबटपणा नाही."

"तुझ्या सासूबाईंना कुठली कैरी आंबट लागलीय आजवर!"

"हळू बोला, आतच आहेत!"

दोघी हसल्या. अक्काचा हात कट्ट्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानीसारखा फिरला, आणि मग वस्तू परत जाऊ लागल्या. ट्रान्झिस्टर कोपऱ्यात, पाठ भिंतीला. पेला त्याच्यापासून वीतभर दूर, आणि दोडके पेल्याच्या मागे. चष्मा ट्रान्झिस्टरच्या पुढ्यात, काड्या भिंतीकडे. अडकित्ता आणि स्क्रूड्रायव्हर एकावर एक, जवळजवळ फुली झालेले. काहीही सुटसुटीत नव्हते. एरिअल गजाच्या रेषेत मिसळून गेली होती.

"बरं, सांजोरी पाठवते तुला," अक्का भाभीला म्हणाली आणि वळली. कपडा पिळण्यासाठी तिने हात वर केले आणि तशीच थांबली. मग तिने हळूच मागे वळून कट्ट्याकडे पाहिले.

"अगं बाई," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"भाऊ, हेच. असंच."

"हो."

ती जवळ गेली. हात लावला नाही, नुसती वाकून पाहत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलले. ती स्टूलवर बसली.

"म्हणजे मी रोज हालवत होते," ती म्हणाली. "मी रोज पुसस. रोज उचलस, रोज ठेवस. आणि मी सगळ्यांना सांगत बसले की त्यांनी ठेवलं तसं आहे."

मी एवढेच म्हणालो, "धूळ तर पडणारच, अक्का."

"पण त्यांनी कुठे ठेवलं होतं ते? पहिल्या दिवशी?"

"ते आता कुणालाच माहीत नाही."

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. मग तिने हातातला कपडा माझ्या खांद्यावर टाकला, लहानपणी शाळेतून आल्यावर माझे तोंड पुसून टॉवेल माझ्या खांद्यावर टाकायची तसा.

"काढ आता लवकर. कपड्याचं पाणी वाळायच्या आत बस. तुझे रंग सुकतात म्हणत होतास ना? मी पडदा भिजवते."

तिने खिडकीच्या एका अंगाला वाळ्याचा पडदा सोडला आणि त्यावर तांब्याने पाणी मारले. खोलीत वाळ्याचा वास पसरला, हवेत ओल आली. मी पेन्सिल घेतली नाही. थेट ब्रश घेतला. अर्धा कट्टा ओलसर होता, तिच्या हाताची कमान त्यावर गडद दिसत होती आणि टोकांकडून हळूहळू फिकी होत चालली होती. मी ती आधी काढली, कारण ती जाणार होती. मग वस्तू. दोडके काचेमागे तुटून दिसत होते, तसेच तुटलेले काढले. एरिअल वेगळी दिसत नव्हती, म्हणून काढली नाही. फुली झालेल्या अडकित्त्याच्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि ओल्या हवेमुळे रंगही मिसळत होता. मी त्याला अडवले नाही.

अक्का मध्ये मध्ये येऊन पडद्यावर पाणी मारून जात होती. एकदा फक्त म्हणाली, "चष्म्याच्या एका काचेला चीर आहे. दिसते का तुला?"

"दिसते."

"तेवढी घाल."

दुपार कलल्यावर चित्र पुरे झाले. मी फळी भिंतीला टेकवून बाजूला झालो. अक्का स्वतःचा चष्मा लावून समोर बसली. तिचा चेहरा मी पाहू शकलो नाही. मी ब्रश धुवायला गेलो. परत आलो तेव्हा ती कट्ट्याच्या जागी बोट दाखवून, कागदाला न लावता, हवेतल्या हवेत ती कमान गिरवीत होती.

"हे ओलं काय काढलंस?"

"तू पुसलेलं. मी बसलो तेव्हा होतं."

"ते तर कधीच वाळलं."

"हो."

"पुसून टाकता येतं का हे?"

"येईल. पण खाली डाग राहील."

तिने पुन्हा पाहिले. "नको," ती म्हणाली. "राहू दे. लोकांना वाटेल मी घर स्वच्छ ठेवते."

आणि ती हसली. आणि हसता हसता, सात महिन्यांत माझ्यासमोर पहिल्यांदा, रडली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिने विचारले, "चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. त्याने पहार दारात टेकवली, वरच्या गंजलेल्या सळ्या पाहून जीभ चुकचुकवली आणि खिडकी मोकळी करून द्या म्हणाला. मी सवयीने पुढे झालो.

"थांब," अक्का म्हणाली. "तू हात लावू नको."

गवंडी माझ्याकडे पाहू लागला. मी मागे सरून हात पाठीमागे बांधले.

तिने एकेक वस्तू स्वतः उतरवली आणि पदरात घेतली. दोडके खुळखुळले. चष्म्याच्या काड्या तिने पहिल्यांदाच मिटल्या. शेवटी ट्रान्झिस्टर उरला. तो पदरात मावेना. तिने इकडेतिकडे पाहिले, मग माझ्याकडे वळली आणि दोन्ही हातांनी तो पुढे केला.

"हा तू धर," ती म्हणाली. "कुठेही ठेव. फक्त ठेवलास की मला सांग."